पुलापलीकडचं पेट्रोल

दूधगंगेचा पूल समोर दिसत होता आणि वृषभची मोटारसायकल आचके देत बंद पडली. पुलापलीकडं कर्नाटक, आणि कर्नाटकात पेट्रोल स्वस्त! म्हणून तर शाहूपुरीतलं गुळाचं दुकान भावावर सोडून तो कोल्हापूरपासून एकेक पंप मागं टाकत आला होता.

"काय झालं, पावणं?" शेजारी एक स्कूटर थांबली. चेहऱ्याला ओढणी गुंडाळलेली. दिसत होते फक्त डोळे... आणि ते हसत होते.

"पेट्रोल संपलं."

"वाटेत पंप दिसलं न्हाईत व्हय?"

"दिसलं की. पण पलीकडं स्वस्त हाय ना..."

ती खळखळून हसली. "बसा गाडीवर. हँडल सरळ धरा, मी पाय लावतो."

स्कूटर चालवता चालवता तिनं एक पाय त्याच्या गाडीला लावला आणि उसाच्या ट्रॉल्यांना वळसे घालत त्याला थेट पंपापर्यंत ढकलत नेलं. एकदाही डगमगली नाही. अशी ऐटबाज पोरगी वृषभनं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

दीपा तिचं नाव. घर पुलाअलीकडं कागलात, नोकरी पलीकडं निपाणीच्या शाळेत.

"जाण्यायेण्यात जळतंय ते धरलंसा का?" तिनं विचारलं.

त्यानं मनात हिशेब केला. "न्हाई परवडत. चुकलंच माझं."

"लगेच कबूल?" ती त्याच्याकडं बघतच राहिली.

परवडत नव्हतं, तरी पुढच्या शनिवारी तो आला. त्याच्या पुढच्याही. नेमका तिची शाळा सुटायच्या वेळी. पंपाशेजारच्या टपरीवर चहा व्हायचा. वर्गातल्या दंगेखोर पोरांबद्दल ती इतक्या मायेनं बोलायची, की आपणही तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसावं असं त्याला वाटायचं.

मग एका शनिवारी ती म्हणाली, "मला बेळगावात नोकरी लागलीय. तिथंच राहायचं आता."

चेहरा लपवायला वृषभनं गाडी पंपाशी नेली, टाकीचं झाकण उघडलं...

"पावणं, टाकी तर काठोकाठ भरलीय की!" पंपावरचा केरबा ओरडला. "ओतू कुठं?"

दीपा मागंच उभी होती. "पेट्रोल भरून येत होतासा?"

"कोल्हापुरातच... महागाचं."

"मग इथं कशाला?"

"तुम्हाला बघायला." त्याचे कान लाल झाले होते, पण नजर हलली नाही.

ती कितीतरी वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"बेळगाव लांब हाय," ती हळूच म्हणाली. "परवडायचं न्हाई."

"पेट्रोलसाठी न्हाईच परवडत... तुमच्यासाठी परवडतंय की!"

तिनं स्कूटर सुरू केली. थोडं पुढं जाऊन थांबली आणि मान वळवून म्हणाली,

"उद्या रविवार, बाबा घरी असतात. ये."

आज पहिल्यांदाच ती त्याला 'तू' म्हणाली होती.