चार नंबरचं दालन

कीलुंग शहरात माणूस गेला की पाहुण्यारावळ्यांआधी कळतं ते नगरसेवकांच्या कार्यालयांना. आ-पिनचं तर पोटच त्यावर. फंगबाई नगरसेविका, आणि हा त्यांच्या कार्यालयात एकवीस वर्षं. वॉर्डात कुणी गेलं की बाईंच्या नावाने शोकफलक पाठवायचा, अंत्यविधीला जायचं, कार्यालयाचं नाव पुकारलं की पुढे होऊन मृताच्या फोटोपुढे वाकायचं, आणि घरच्यांनी दिलेला पांढरा टॉवेल घेऊन परत यायचं. टॉवेलांनी कपाट भरलं होतं. कार्यालयातल्या युनताई त्या टॉवेलांनी गाडी पुसायच्या.

पूर्वी फलक कापडाचे असत, शिडी लावून टांगावे लागत. आता वेबसाइट झाली होती. मृताचं नाव टाका, तयार ओळींतली एक ओळ निवडा, बटण दाबा. तिकडे शांतगिरी अंत्यविधी भवनात पडद्यावर फलक झळकला म्हणून समजा. आ-पिन हे काम एका हाताने करायचा. दुसऱ्या हातात कांद्याची पोळी असायची.

त्या सकाळी मात्र तो सूड उगवायला बसला होता. युनताई त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या. वय त्रेसष्ट, अंगात कार्यालयाचं पिवळं जॅकेट, कानशिलांना सदा हिरवं औषधी तेल चोपडलेलं. त्या यायच्या आधी वास यायचा. आदल्या दिवशी त्यांनी आ-पिनच्या चहात मीठ घातलं होतं. वर म्हणाल्या, "पी रे पी! तुझ्या अंत्यविधीला मीच वाकणार आहे, टकल्या!"

"बघू कोण कुणासाठी वाकतं," असं पुटपुटत त्याने मृताच्या रकान्यात त्यांचं नाव टाकलं. ओळ निवडली : 'रूप आणि आवाज अजून इथेच.' बेत साधा होता. संगणकाच्या पडद्याचा फोटो काढायचा, कार्यालयाच्या ग्रुपवर टाकायचा आणि गंमत बघायची. ज्याचा विधी नाही त्याचं नाव वेबसाइट घेतच नाही, लाल अक्षरांत 'नोंद सापडली नाही' म्हणते, हे त्याला पाठ होतं.

नोंद सापडली.

दालन चार. आज, सकाळी साडेनऊ.

आ-पिन पोट धरून हसला. शांतगिरीत चार नंबरचं दालनच नाही. चार म्हणजे मरणाचा आकडा, म्हणून तीननंतर थेट पाच. म्हणजे तिकडे कुणीतरी आपल्यापेक्षा सवाई टवाळ बसलाय! त्याने 'रद्द करा' दाबलं.

'कुटुंबीयांनी स्वीकारलं आहे.'

पुन्हा दाबलं. तेच. हसू जरा आखडलं.

तेवढ्यात फोन. समोरच्या पक्षाच्या कार्यालयातला लो.

"अरे आ-पिन, युनताई गेल्या? कळवायचंस तरी! आम्ही 'आदर्श माता' पाठवलं. चालेल ना?"

"आदर्श माता? त्यांचं लग्न तरी झालं होतं का, गाढवा! आणि मेलंय कोण?"

"तूच तर पाठवलास पहिला फलक."

घोळ झाला होता खरा. यादी सगळ्या कार्यालयांना दिसते, आणि एकाने फलक पाठवला की दुसरा मागे राहत नाही. मेलंय का हे कुणी विचारत नाही. कुणी कुणी पाठवलं, एवढंच बघतात. दहा वाजता एकतीस फलक झाले होते. मग फुलवाल्याचा फोन : "दादा, चार नंबरला फुलं पोचवली हं. दालन छान केलंय."

आ-पिनच्या हातातली पोळी खाली पडली.

युनताई सकाळीच शांतगिरीला गेल्या होत्या. माशांचे गोळे विकणारा म्हातारा गेला होता, दालन तीनला. त्याने फोन लावला.

"ताई, कुठे आहात?"

"इथेच की. चुकून शेजारच्या दालनात शिरले बघ. केवढी गर्दी! सगळी कार्यालयं आली आहेत. मला पुढे बसवलंय."

"कोणतं दालन?"

"पाटी बघितली नाही रे. फोटो अजून लावलेला नाही. कुणाचा विधी आहे, विचारलं तर सगळे हसतात."

"ताई, उठा. आत्ता बाहेर या."

"उठवत नाहीये." आवाज दमलेला होता. "पाय गार पडलेत. सगळ्यांचं वाकून झालंय, फक्त आपलं कार्यालय राहिलंय. ते झालं की आटोपेल, म्हणतात."

"कुणी वाकायचं नाही, ऐकलंत? मी येतोय!"

स्कूटर त्याने कशी हाणली, त्यालाच ठाऊक. फोन चालूच होता, शर्टाच्या खिशात. शांतगिरीच्या बोळात धावत शिरला. दालन तीन : माशांच्या गोळ्यांचा म्हातारा, फोटोत हसतोय. पुढे दालन पाच : रिकामं, खुर्च्या रचलेल्या. मधे भिंत. भिंतीला पाण्याची टाकी. टाकीवर पिवळं जॅकेट घडी करून ठेवलेलं.

जॅकेट कोमट होतं.

"ताई!" त्याने भिंतीवर थापा मारल्या. "युनताई!"

भिंतीपलीकडून निवेदकाचा आवाज आला. खिशातल्या फोनमधूनही तोच आला, क्षणभर उशिरा.

"नगरसेविका फंग यांचं कार्यालय. प्रतिनिधींनी पुढे यावं."

आ-पिन हलला नाही.

"प्रतिनिधींनी पुढे यावं."

त्याने टाकीची कड घट्ट धरली. गेलोच नाही पुढे, तर होणारच नाही. उभं राहायचं. नुसतं ताठ उभं राहायचं.

"आ-पिन," खिशातून युनताई म्हणाल्या, "नको रे."

"नमन," निवेदक म्हणाला.

एकवीस वर्षं. रोज तीन, कधी पाच. तो शब्द कानावर पडला की आ-पिनला विचार करावा लागत नसे.

कंबर वाकली.

वाकल्यावर त्याला कळलं.

फोन बंद झाला होता. पलीकडे खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, पावलं पांगली. भिंत गार होती.

"धन्यवाद हं," मागून कुणीतरी अगदी अदबीने म्हणालं आणि त्याच्या हातात काहीतरी ठेवलं. तो वळेपर्यंत बोळ रिकामा.

पांढरा टॉवेल, नेहमीसारखा, पारदर्शक पिशवीत बंद.

पिशवीचं तोंड न फोडताच हिरव्या तेलाचा वास येत होता.