मार्लिसच्या टेबलावरचा दिवा

गोठलेल्या तळ्यावर, मासे धरायच्या खोपटात, म्हाताऱ्या व्हर्नने कंदील बारीक केला. "केंट माझ्या ओळखीचा," तो पुतण्यांना म्हणाला. "त्याच्या ऑफिसातली वायरिंग मीच केली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या."

सेंट पॉलमधली ती इमारत वीज वाचवणारी. मध्ये भिंती नाहीत, छतावरचे दिवे मंद, आणि प्रत्येक टेबलावर ज्याचा त्याचा दिवा. माणूस हलला की पेटायचा, स्थिर राहिला की थोड्या वेळाने विझायचा. दिवा विझलेला म्हणजे माणूस घरी गेला, असं सगळे धरून चालत.

मार्लिस नकाशे तपासायची, अगदी निश्चल बसून. दिवा विझला की हात वर करून हलवायची.

"काय मार्लिस, टॅक्सी बोलावतेस?" शेजारचा रॉजर विचारायचा.

"केंट, माझा दिवा जरा जास्त वेळ राहू दे रे," मार्लिस एकदा म्हणाली. " डोळे साथ देत नाहीत आता."

केंट मजल्याचा प्रमुख. वीजबचतीत त्याचा मजला पहिला आला की बढती ठरलेली. "थोडी हालचाल करत जा," तो हसून म्हणाला, "तब्येतीला बरं." आणि तिच्या दिव्याची वेळ त्याने आणखी कमी केली.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शुक्रवारी ती हलली नाही. दिवा विझला. सगळे तिच्या समोरूनच घरी गेले. ती सापडली सोमवारी. डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचा झटका शुक्रवारी आला असावा... जीव मात्र रविवारी गेला.

डिसेंबरात बचतीची तपासणी आली. आदल्या संध्याकाळी बर्फ पडत होतं म्हणून सगळे लवकर गेले. केंट गाडीपाशी पोचला आणि त्याने सहज वर पाहिलं. मार्लिसच्या टेबलावरचा दिवा जळत होता.

रात्रभर जळला तर आकडा बिघडणार. चरफडत तो वर गेला. खुर्ची रिकामी होती. त्याने दिव्याची वायर उपटली.

दिवा जळतच राहिला.

तो आपल्या टेबलाशी आला, संगणकावरून बंद करायला. पडद्यावर मजल्याचा आराखडा होता. मार्लिसची जागा... भरलेली. त्याची स्वतःची... रिकामी.

त्याचा दिवा विझला.

त्याने हात हलवला. मग दोन्ही हात. उभा राहिला. उड्या मारल्या.

"मी आहे," तो म्हणाला. "अरे, मी इथे आहे..."

अंधार. पलीकडे तेवढा एक दिवा. आणि त्या उजेडात नकाशाचा कागद... हळूच उलटला.

खोपटाबाहेर बर्फ तडकलं.

"मेला का तो, काका?"

"छे. तपासणीत पहिला आला. बढतीही मिळाली." व्हर्नने गळाची दोरी उगाच हलवून पाहिली. "परवाच भेटला, दुकानाबाहेर, थंडीत काकडत उभा. आपोआप उघडणारं दार आहे ना तिथलं... मी पुढे झाल्यावर उघडलं."