उलटी जोडलेली तार

मिरजगाव अजून लांब होतं. दोन्ही बाजूंना ज्वारीची रानं, मधून रस्ता, आणि त्या रस्त्यावर लाल गाडीने दोन आचके दिले नि ती गप्प झाली. अलिझाने आधी आरशात पाहिलं... कुणी बघतंय का!

बघत होतं. मागच्या सीटवर विहिरीच्या मोटारीचा स्टार्टर बांधलेली एक मोटरसायकल तिच्या शेजारी येऊन थांबली.

"पेट्रोल संपलं?"

"पेट्रोल भरपूर आहे."

"मग रुसली असेल."

"गाड्या रुसत नाहीत," अलिझा खाली उतरत म्हणाली. "करंट तुटतोय."

"करंट?" तो हसला. "मग माझ्याच धंद्यातलं काम की! मी फैयाज. कर्जतला स्टार्टर नि सोलर पंपाचे कंट्रोलर दुरुस्त करतो."

तिने बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत पत्र्याच्या दोन बारीक जिभा— पॉइंट. त्यांची उघडझाप झाली की प्लगला ठिणगी मिळते. त्यांची तोंडं काळी पडली होती. अलिझाने पर्समधली नखं घासायची कानस काढून ती तोंडं घासली, आणि मधलं अंतर मोजायला जाड कागदाची एक पट्टी सरकवली. पट्टीवर सोनेरी नक्षी होती.

"लग्नपत्रिका?" फैयाजने वाकून पाहिलं. "कुणाच्या लग्नाची?"

"माझ्या नाही."

"बरं झालं," तो पटकन बोलून गेला, आणि मग ज्वारीकडे बघू लागला. थंड वाऱ्यातही त्याचे कान लाल झाले होते.

गाडी सुरू झाली. तो मात्र तिथेच घुटमळला. "एक सांगू? या पॉइंटच्या जागी लोहचुंबक आणि सेन्सर बसवता येईल. घासायचं काम कायमचं बंद. मी करून देईन..."

अलिझा हसण्यावारी नेणार होती. पण तिला अब्बांचे हात आठवले.

अब्बा, म्हणजे बाबाजान शेख, नगरला लष्कराच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. कुणा साहेबाने भंगारात काढलेली ही विलायती गाडी त्यांनी घरी आणून जिवंत केली. अम्मी गेल्यापासून घरात बाप-लेक आणि ती गाडी, एवढंच कुटुंब. जुम्म्याची नमाज झाली की अब्बा पॉइंट साफ करायला बसायचे. त्या कामाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. पण यंदा त्यांचे हात थरथरू लागले होते. पट्टी फटीत जायचीच नाही. "पॉइंटच खराब यायला लागलेत," ते म्हणायचे. अलिझा मान डोलवायची, आणि दुपारी त्यांचा डोळा लागला की गुपचूप जाऊन अंतर पुन्हा नीट करायची.

म्हणून ती म्हणाली, "मिरजगावला घरी या. पण अब्बांना तुम्ही पटवायचं."

अब्बांना पटवणं म्हणजे दगडाला पाझर फोडणं. "डब्यात बंद केलेला करंट? बिघडला तर उघडून तरी बघता येतो का?" पण फैयाज येत राहिला. कधी कागदावर जोडणी काढून आणायचा, कधी रुमालात बोरं. बोरं अब्बांसमोर ठेवायचा नि बघायचा अलिझाकडे. ती शाळेत विज्ञान शिकवायची. सेन्सरबद्दल तिच्या शंका काही संपत नव्हत्या.

"खरंच कळलं नाही, की मुद्दाम विचारताय?" एकदा त्याने हळूच विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं... उद्या परत समजावतो."

शेवटी अब्बा हरले. "लाव एकदाचा तुझा डबा!" म्हणत गाडीकडे पाठ करून बाजेवर बसले.

फैयाजने सेन्सरचा डबा बसवला, तारा जोडल्या. अलिझा समोर उभी होती. त्याच्या कपाळावर केसांची एक बट सारखी येत होती आणि तो ती मनगटाने मागे सारत होता... त्याने चावी फिरवली. फट् असा आवाज झाला, आणि डब्यातून काळा धूर निघाला.

अब्बा ताडकन उठले. "घेऊन जा तो डबा! मोटारीचं काम मोटारवाल्यानं करावं!"

फैयाज जळका डबा पिशवीत घालून निघून गेला, तो पुन्हा फिरकला नाही. फोनही उचलीना.

रविवारी अलिझाने सरळ कर्जतची एसटी धरली. दुकानात तो एकटाच स्टार्टर उघडून बसला होता. तिला पाहून गडबडीने उभा राहिला.

"गाडीला काही झालं नाही ना?"

"नाही. तुम्ही तार उलटी जोडलीत. बाकी गाड्यांत बॅटरीची मायनस बाजू बॉडीला असते, आमच्या गाडीत प्लस."

त्याने कपाळावर हात मारला. "मी विचारायला पाहिजे होतं."

"मी सांगायला पाहिजे होतं. लहानपणापासून ती बॅटरी मीच जोडतेय. तुम्ही तार लावलीत, तेव्हा मी समोरच होते."

"मग बोलला का नाहीत?"

"मी तारेकडे बघत नव्हते."

"मग कुठं..."

"सांगायलाच हवं?"

"नको," तो म्हणाला. मग लगेच, "पण सांगितलंत तर..."

"तुमच्याकडे."

त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. तो उचलायला दोघंही वाकली नाहीत.

"माझंही लक्ष कुठं तारेवर होतं?" फैयाज म्हणाला.

घरी येऊन तिने अब्बांना सांगितलं, चूक माझी होती. अब्बांनी आपल्या हातांकडे पाहिलं.

"दुपारी झोपून उठलो की गॅप आपोआप नीट झालेला असायचा. मला कळत न्हाई व्हय?" ते म्हणाले. "तू जपलंस म्हणून मी पण गप्प बसलो. हे हात आता ऐकत न्हाईत, बेटा... बोलव त्याला."

फैयाजने दुसरा डबा केला, प्लस बॉडीला धरून. अलिझाने या वेळी एकेक तार स्वतः तपासली. इंजिन लागलं, पण आवाज जरा अडखळता होता.

"चाचा, ठिणगीचं टायमिंग मला जमणार नाही," फैयाज म्हणाला. "ते तुमच्या कानानंच लागेल."

अब्बांनी एकदा त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग डिस्ट्रिब्युटरला दोन्ही हात घालून तो केसभर फिरवला, आणखी केसभर... आवाज सायीसारखा मऊ झाला. हात थरथरतच होते, पण अब्बांच्या ते गावीही नव्हतं.

"कर्जतला घर कुठं म्हणालास तुझं?"

"पेठेत, मशिदीच्या मागं. का?"

"सहज." आणि अब्बा एकटेच गाडी घेऊन निघाले.

अंगणात दोघंच उरली. चहा झाला. 

"अम्मीला मागणी घेऊन पाठवणार होतो तुमच्याकडे," शेवटी फैयाज म्हणाला. "पण चाचांचा राग..."

"मग आता पाठव ना!" ती म्हणाली, आणि 'पाठव' म्हणून गेल्यावर आपण 'अहो'वरून 'अरे'वर आलो, हे तिच्या लक्षात आलं.  तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याची आई, शकिला.

"फैयाज, दारात लाल गाडी उभी हाय. सगळी गल्ली जमलीय! आन् हे शेखचाचा म्हनत्यात, मुलीकडून मी आलोय, रीतभात नंतर बघू, आधी पोरांना इचारून घ्या. काय इचारू रे मी?"

शकिलाचा आवाज फोनबाहेर अंगणभर ऐकू येत होता. अलिझाने पदर डोक्यावर घेतला आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"सलाम, अम्मी. मी अलिझा," ती म्हणाली. "माझ्याकडून हो."