मी मागून येतो

"म्हणे जागच्या जागी अपग्रेड! चालत्या माणसाचे पाय बदला आणि त्याला पत्ता लागू देऊ नका…"

ग्रंथालयाच्या सर्व्हर रूममध्ये दोन कपाटांच्या फटीतून हे पुटपुटणं आलं, तेव्हा ती अलीकडे केबल शोधत वाकली होती.

"कोणाशी भांडताय?"

पलीकडे डोकं आपटल्याचा आवाज. मग फटीत एक चष्मा, त्यामागे दोन गोंधळलेले डोळे. "मशीनशी. तुमच्याशी भांडायला अजून ओळख कुठे झालीये?"

हा कंपनीने पाठवलेला इंजिनिअर, दारातून वाकून येणारा. ती थोरल्या भावाच्या, दादाच्या माघारी इथले कॉम्प्युटर सांभाळायची, चुकतमाकत शिकलेली. काम तिला त्यानेच सोपं करून सांगितलं. हे मोठं मशीन म्हणजे घरमालक, त्याच्या पोटात राहणारी बाकीची मशीन्स भाडेकरू. घरमालकाची सिस्टिम म्हातारी झाली होती. भाडेकरूंचं सामान न हलवता घराचा पाया बदलायचा.

"आणि घर पडलं तर?"

"तर मी भाड्याने खोली शोधतो. तुमच्या गल्लीत आहे एखादी?"

ती हसली. नेमका तेव्हाच स्पीकर खरखरला. "वाचकहो, दिवे मालवतोय, घरी पळा. छकुले, तूही नीघ. मी मागून येतो."

वाचनकक्षात पुस्तकं मिटली. वर कोणीच पाहिलं नाही.

"कोण हो हे?"

"दादा."

"मग थांबू या की त्यांच्यासाठी."

ग्रंथपाल बाईंनी लावलेलंच कपाट पुन्हा लावलं. "उशीर झाला," एवढंच म्हणाल्या.

त्या आठवड्यात तो रोज तिला घरापर्यंत सोडायला गेला. गप्पा रंगायच्या, पण ती दोघांत एका माणसाची जागा सोडून चालायची, आणि वळणावर मागे पाहायची. तोही पाहू लागला. रस्ता रिकामा. तरी… पाठीला कोणाची तरी चाल जाणवायची. घरी तिची आई झोपेपर्यंत कडी लावत नसे.

शेवटी त्याने शिपाईकाकांना दादाबद्दल विचारलं. "हिला पुढे पाठवलं, मागून येतो म्हणाले, आणि रस्ता ओलांडताना…" काका पुस्तकं उचलायला वाकले आणि तोंड फिरवून ती रचत बसले.

सुट्टीच्या दिवशी दोघंच आली. एकेक भाडेकरू बंद झाला. उरलं दादाचं मशीन, त्याच्या आवाजात भरून ठेवलेली ती घोषणा रोज वाजवणारं.

"याला नुसतं झोपवू या," ती म्हणाली. "बंद नको."

"झोपवलेलं मशीन नव्या सिस्टिमवर उठेलच असं नाही. अर्धवट लटकून राहील." त्याचा आवाज उतरला. "नीट बंद केलं, तरच नीट उठेल."

"नाही उठलं तर?"

त्याने खुर्ची तिच्या जवळ ओढली. तिने डोळे मिटून बटण दाबलं.

दुपार सरली. सर्व्हर नवा होऊन उठला. पडद्यावर सगळे भाडेकरू बंद… आणि एक हिरवा.

"तुम्ही चालू केलंत?" तिने विचारलं.

"हातसुद्धा लावला नाही."

स्पीकर खरखरला. "उठलो गं. कोणी झोपवलं होतं मला?"

हे वाक्य तिने कधीच ऐकलं नव्हतं.

"त्यांनीच… ठेवलं असेल तसं," तो ओठ ओले करत म्हणाला. "घरमालक उठला की आपोआप उठायचं, आणि उठताना हे वाजवायचं. इतकी वर्षं कोणी बंदच केलं नाही, म्हणून…"

"असेल. खोडी काढल्याशिवाय त्याला चैन कुठे पडायचं."

बाहेर संध्याकाळ झाली. रिकाम्या वाचनकक्षात आवाज घुमला. "छकुले, तूही नीघ. मी मागून येतो."

तिने पर्स उचलली. तो किल्ल्या चाचपत होता. "तुम्ही व्हा पुढे. कुलूप लावतो आणि मी मागून ये…" त्याने जीभ चावली.

ती पायरीवर थबकली, परत वर आली आणि त्याची बाही घट्ट धरली.

"मागून नाही. बरोबर चला. तुम्ही मला आवडता… आणि मागून येणाऱ्यांची वाट बघून माझी मान अवघडलीये."

"मी बरोबरच आहे," तो म्हणाला.

मग ती अंधाऱ्या वाचनकक्षाकडे, भिंतीवरच्या स्पीकरकडे वळली. लहान मुलाला समजवावं तशी, हळू.

"दादा मागून येणार नाही. दादा मेला."