तिसऱ्या वळणावरचा कोन

त्या रविवारी सकाळी तिने ज्याला गाडीखाली घेतलं तो प्लास्टिकचा होता, म्हणून बरं.

धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. बंद पडलेल्या प्रदर्शनगृहामागचं ते भलंमोठं पार्किंग सुट्टीच्या दिवशी ओस असतं, असं तिने ऐकलं होतं, आणि कुणाच्या डोळ्यांवर न येता गाडी चालवायला तिला अशीच जागा हवी होती. स्टिअरिंगला मगरमिठी मारून, सायकलवाल्यानेही मागे टाकावं अशा वेगाने ती पुढे सरकत होती. तेवढ्यात पुढच्या चाकाखाली काहीतरी करकरलं. तिने ब्रेक दाबला आणि डोळे घट्ट मिटले. उघडले तेव्हा खिडकीशी एक उंच माणूस वाकून उभा होता. हातात लाल झेंडा, आणि ओठांत दाबून धरलेलं हसू.

"मॅडम, तुम्ही आमच्या तिसऱ्या वळणाचा जीव घेतलात."

"मला... मला वाटलं इथे कुणी नसतं."

"कुणी नव्हतंच. एक कोन होता, तोही गेला." त्याने चाकाखालचा नारिंगी कोन ओढून काढला. चपटा झालेला तो कोन क्षणभर तसाच राहिला, मग 'फट्' करून पुन्हा ताठ उभा झाला. "नाही, वाचला. दर रविवारी मार खातात बिचारे. कोडगे झालेत."

तिला हसू फुटलं. ड्रायव्हरच्या सीटवर बसून ती तीन वर्षांत पहिल्यांदा हसली होती, पण हे त्याला कुठून कळणार!

आता त्या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. छोटीशी, आकाशी रंगाची, दार लावताना जरा लाडीगोडी करावी लागते अशी. गाडी आत्याची. आत्याने लग्न केलं नाही, गाडी केली, असं घरात सगळे म्हणायचे, आणि सगळ्यांत मोठ्याने आत्याच म्हणायची. जाताना तिने ती भाचीच्या स्वाधीन केली, आणि भाचीने पहिल्याच महिन्यात ती फाटकाच्या खांबावर घातली. लागलं कुणालाच नाही. खांबाचा टवका उडाला आणि हिचा सगळा धीर. तेव्हापासून गाडी अंगणात झाकून उभी. शेवटी बाबांनी निर्वाणीचं सांगितलं, "उभी गाडी कुजते, बाळा. महिन्याच्या शेवटी एकजण बघायला येतोय. तोवर नीट चालवून दाखव, नाही तर मी त्याला होकार देणार." बाबा निवृत्त भूमापक. जन्मभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी मोजल्या होत्या. त्यांच्या शब्दातही तसूभर इकडचं तिकडे होत नसे.

"पण हे आहे तरी काय?" तिने धुक्यात उगवलेल्या नारिंगी रांगांकडे बघत विचारलं.

"ऑटोक्रॉस. कोनांमधून वाट काढायची, एका वेळी एकच गाडी. झुंज फक्त घड्याळाशी. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड. घाबरायचं काही नाही, इथे आपटायला खांबसुद्धा नाहीत."

"खांब नाहीत?" तिने इतक्या आशेने विचारलं की तो चमकलाच.

"एकही नाही."

तिने इंजिन बंद केलं आणि खाली उतरली.

या सगळ्याचा कारभार एका मास्तरीणबाईंकडे होता. वय साठीचं, गळ्यात शिट्टी, आणि तीस वर्षं लोकांना गाडी शिकवून बसलेला आवाज. त्यांनी तिला नवशिक्यांच्या यादीत घातलं, डोक्यावर एक हेल्मेट बसवलं आणि फर्मावलं, "गाडी आधी रिकामी करा. वळताना आतलं काहीही उडता कामा नये."

झेंडेवाला मदतीला आलाच, न बोलावता. आत्याच्या संसारातून एकेक वस्तू बाहेर निघू लागली. दोन छत्र्या, विणलेली उशी, थर्मास, चष्म्याच्या सात डब्या आणि एक चप्पल.

"चप्पल एकच?"

"दुसरी सापडली तर सांगेन."

"आणि चष्म्याच्या डब्या सात?"

"त्या माझ्या. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते मी. तुम्ही काय करता?"

"लोकांना वर नेतो, खाली आणतो." तिचा चेहरा बघून तो घाईने म्हणाला, "लिफ्ट दुरुस्त करतो हो!"

गाडी चालवण्याआधी वाट पायी चालून बघायची असते. हे तिला फार आवडलं. अंगावर कोवळं ऊन, पायांखाली ओलं डांबर, आणि शेजारी हा लिफ्टवाला, प्रत्येक वळणाशी थांबून हातवारे करणारा. धुकं हळूहळू वर जात होतं, लांबचे कोन एकेक करून दिसू लागत होते, आणि तिला वाटत होतं, ही वाट आणखी थोडी लांब असती तर काय बिघडलं असतं?

"कोन दिसला की त्याच्याकडे बघायचं नाही," तो सांगत होता. "गाडी तिकडेच जाते, जिकडे आपण बघतो. हात आपोआप नजरेमागे जातात. म्हणून नजर कायम पुढच्या वळणावर. जिथे जायचंय, तिथे."

तिला एकदम फाटकाचा तो खांब आठवला. खांबाला लागू नये म्हणून ती शेवटपर्यंत खांबाकडेच तर बघत होती! तीन वर्षं तिने स्वतःच्या हातांना दोष दिला होता. हात बिचारे शहाण्यासारखे नजरेमागे गेले होते.

"काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली. तिच्या छातीवरचं मणभर ओझं उतरलं होतं.

इथला आणखी एक नियम म्हणजे ज्याची पाळी नसेल त्याने वळणावर उभं राहायचं. पडलेला कोन उचलायचा आणि झेंडा दाखवायचा. प्रत्येक कोनाभोवती खडूने चौकट आखलेली. कोन उभ्याउभ्या हलला पण रेघेला टेकून राहिला तर माफ, पडला किंवा रेघेबाहेर गेला तर दंड. लिफ्टवाला तिसऱ्या वळणावर उभा राहिला.

ती पहिलं वळण छान घ्यायची. दुसरं त्याहून छान. गाडी जणू आत्या अंगात आल्यासारखी वळायची. आणि मग तिसरं यायचं. एक धप्प, कोन आडवा आणि लाल झेंडा वर.

पहिल्या रविवारी चार फेऱ्यांत चारदा. दुसऱ्या रविवारीही चारदा. तिसरा कोन म्हणजे तिचा सख्खा वैरी असल्यासारखं झालं.

"एखादा चालवून घ्यायचा की," ती गाल फुगवून म्हणाली. "वीतभर तर सरकला होता."

"रेघेबाहेर म्हणजे बाहेर. तुमच्या दुकानात मी खालची ओळ चुकीची वाचली तर चालवून घ्याल?"

"मुळीच नाही."

"मग?"

त्याचा सूड तिने त्याच रविवारी घेतला. त्याच्या पाळीला ती पाचव्या वळणावर झेंडा घेऊन उभी होती. त्याने पाचवा कोन तीनदा पाडला, आणि तिने तीनदा झेंडा असा नाचवला की मास्तरीणबाईंनी शिट्टी वाजवून तिला दटावलं.

बुधवारी तो दुकानात आला. डोळे तपासायचे होते म्हणे. तिने त्याला खुर्चीवर बसवलं, दिवा मंद केला. त्याने सगळ्या ओळी सरळ वाचल्या, अगदी खालची बारीकही.

"तुमचे डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली. "मग आलात कशाला?"

"खात्री करून घ्यायला. हल्ली समोरचं सोडून भलतंच काहीतरी दिसतं."

"काय दिसतं?"

तो खुर्चीत जरा पुढे वाकला. तिने त्याच्या डोळ्यांसमोरून भिंग बाजूला केलं. मध्ये काही नसताना ते डोळे भलतेच जवळ होते. ती लगबगीने दिवा लावायला वळली आणि तिच्या हातून भिंगांची अख्खी पेटी कलंडली. ती वेचायला दोघांना अर्धा तास लागला. पाच मिनिटांचं काम होतं ते.

प्रेमात पडल्याचं माणसाला सगळ्यांत शेवटी कळतं, आणि तेही कुठल्यातरी भलत्याच ठिकाणी. तिला ते हेल्मेटच्या आत कळलं. तिसऱ्या रविवारी, तिसऱ्या वळणावर, कोन पडल्याचा धप्प आवाज ऐकताना. ती कोनाकडे बघतच नव्हती. ती झेंडा धरणाऱ्याकडे बघत होती, आणि गाडी इमानेइतबारे तिकडेच जात होती.

हे सांगणार कुणाला? आणि कुठल्या तोंडाने?

महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला. आभाळ खाली उतरलेलं, बारीक भुरभुर, डांबर आरशासारखं. बाबा छत्री घेऊन आले होते. त्यांनी मैदान एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलांनी मोजलं, मान हलवली, आणि म्हणाले, "चार फेऱ्या ना? एक फेरी दंड न होता पुरी कर. गाडी तुझी. उद्या येणाऱ्याला मी नाही म्हणून सांगेन."

"आणि नाही जमली तर?"

"तर मग तो घेऊन जाईल. चांगला माणूस आहे, रोज चालवेल." त्यांचा आवाजही थोडा हलला. आत्या त्यांची सख्खी बहीण होती शेवटी.

पहिली फेरी. धप्प. दुसरी. धप्प. तिसऱ्या फेरीला तिने मनाशी अगदी शपथ घेतली, नुसतं पुढे बघायचं, पुढे... आणि पावसात भिजून, केस कपाळावर चिकटलेला तो उभा होता. धप्प.

लाल झेंडा या वेळी अगदी सावकाश वर गेला, जणू झेंडाच जड झाला होता.

आता एकच फेरी उरली होती. ती गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं आणि तडक चालत तिसऱ्या वळणावर गेली.

"तुम्ही इथून हला," ती म्हणाली.

"का?"

"हला म्हणते ना."

"पण का? मी काही..."

"कारण मी तुमच्याकडे बघते!" ती जवळजवळ ओरडलीच. "चार रविवार झाले. गाडी तिकडेच जाते जिकडे आपण बघतो, तुम्हीच सांगितलंत ना? मग? मी कोनाकडे नाही बघत, खांबाकडे नाही बघत, मी... उद्या माझी गाडी जाईल हो! जरा दुसरीकडे उभे राहा ना..."

भुरभुर पडत राहिली. त्याने झेंडा या हातातून त्या हातात घेतला.

"मागे मी पाचवा कोन तीनदा पाडला," तो हळूच म्हणाला. "सहा वर्षं चालवतोय मी. त्याआधी वर्षभरात एकही पाडला नव्हता. तिथे कोण उभं होतं, आठवतं?"

तिला आठवलं. कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत आठवलं.

"आणि हे तिसरं वळण मी दर रविवारी मास्तरीणबाईंकडून मागून घेतो," तो म्हणाला. "माझंच चुकलं. चुकीच्या जागी उभा राहिलो." मग त्याने मागे वळून हाक मारली, "काका! जरा हा झेंडा धरता का?"

बाबांनी छत्री मिटली, रेघेचा नियम दोनदा समजावून घेतला, खडूची चौकट स्वतः नीट बघितली आणि झेंडा हातात घेतला. जन्मभराचा भूमापक हद्दीवर उभा राहिला. हा माणूस पोटच्या पोरीलाही चालवून घेणार नव्हता.

"आणि तुम्ही?" तिने लिफ्टवाल्याला विचारलं.

"मी शेवटच्या रेघेपलीकडे थांबतो. गाडी जिथे थांबवायची तिथे." तो दोन पावलं गेला आणि वळला. "आता बघा खुशाल."

तिने हेल्मेट चढवलं. शिट्टी वाजली.

पहिलं वळण. दुसरं. पाण्याचे थेंब काचेवरून बाजूला पळत होते. तिसरं आलं, आणि तिने ते नीट पाहिलंही नाही, कारण तिची नजर पार पुढे होती, त्या दूरच्या धूसर टोकाशी उभ्या असलेल्या उंच ठिपक्यावर. चाकं किंचित घसरली, मागे काहीतरी निसटतं खरवडल्यासारखं वाटलं, पण हात नजरेमागे गेले, चौथं, पाचवं, आणि सगळी वाट एका लांब श्वासासारखी सरळ झाली. रेघ ओलांडली. ब्रेक. गाडी त्याच्या गुडघ्यांपासून चांगली दहा पावलं आधी थांबली.

इंजिन बंद केल्यावर केवढी शांतता झाली.

"कोन... खरवडला ना?" तिने काच खाली करत विचारलं.

"हो." तोही मागे बघत होता. "सरकला तर खरा."

दूर तिसऱ्या वळणावर बाबा ओल्या डांबरावर गुडघे टेकून बसले होते. चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ कोनाला टेकलेलं. त्यांनी या बाजूने बघितलं, त्या बाजूने बघितलं. सगळं मैदान थांबलं होतं. मास्तरीणबाईंच्या तोंडातली शिट्टीसुद्धा गप्प. मग बाबा सावकाश उठले, गुडघे झटकले, झेंड्याची घडी घातली आणि काखेत मारली.

"टेकलाय!" ते लांबून ओरडले. "रेघेला टेकलाय! आत आहे!"

आणि मग, कुणी बघत नाहीसं समजून, त्यांनी तोच झेंडा काढून डोळे पुसले.

ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. हेल्मेटचा पट्टा सुटेना. लिफ्टवाल्याने खिडकीतून हात घालून तो सोडवला, पण हात लगेच मागे घेतला नाही.

"झाली की फेरी," तो म्हणाला. "गाडी तुझी. आता कुठे बघतेयस?"

तिने नजर काढली नाही.

"जिथे जायचंय," ती म्हणाली, "तिथे."