पाणी आजच बदललंय

ही घटना खरी आहे. माझ्या ग्लेनिसमामीसोबत घडलेली, आणि मामी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही.

फेब्रुवारीतला शनिवार होता. ओहायोत, हॉकिंग हिल्सच्या जंगलातली तिची भाड्यानं द्यायची केबिन.

पण आधीचं सांगायला हवं.

तिच्याकडे पाहुणे येतात ते केबिनमागच्या हॉट टबसाठी, उघड्यावर गरम पाण्यात बसायच्या हौदासाठी. पाहुणे गेले की टब रिकामा करायचा, घासायचा, नव्यानं भरायचा, ही इथली रीत. पण थंडीत नवं पाणी तापायला अख्खी रात्र जाते. आणि पुढचे पाहुणे संध्याकाळीच दारात हजर.

ख्रिसमसनंतर एकदा मामीनं टब रिकामा केलाच नाही. जुन्याच पाण्यात क्लोरीन ओतलं. झाकण लावलं.

वेंडल प्रूइट नावाचे म्हातारे गृहस्थ मुलीबरोबर आले. गुडघ्यांनी बेजार झालेले.

"मॅडम, पाणी बदललंय ना?"

"आजच बदललंय," मामी म्हणाली.

"वाटलंच. वास कसा स्वच्छ येतोय!"

चांगल्या पाण्याला वास नसतो. क्लोरीनचा असा भपकारा आला की समजायचं, घाण तशीच आहे. मामीला हे पक्कं ठाऊक होतं.

ती नुसती हसली.

वेंडल घरी गेले ते खोकतच. न्यूमोनिया झाला, त्यातच गेले. मामीला कुणी काही विचारलं नाही. उलट मुलीनं फोन करून आभार मानले. "डॅडी शेवटपर्यंत तुमच्या टबचं नाव काढत होते."

मामी शरमेनं अर्धमेली झाली. तरी खरं काही तोंडातून निघालं नाही.

त्या दिवसापासून ती टब नीट घासून भरू लागली. क्लोरीन घालून तपासणीची पट्टी बुडवायची. छान जांभळी झाली, म्हणजे क्लोरीन पुरेसं. मग झाकणाला कुलूप.

एका सकाळी केबिन रिकामी असताना तिनं पट्टी बुडवली...

पांढरी.

क्लोरीन सगळं संपलेलं. कुणीतरी बराच वेळ पाण्यात बसल्यासारखं.

आणि पाणी... काठापर्यंत चढलेलं.

"अगं, पट्ट्या जुन्या असतील," ड्वेनमामा म्हणाला. "त्यांच्याकडे बघतेस, तेवढं माझ्याकडे बघत नाहीस."

नव्या पट्ट्या आल्या. त्याही पांढऱ्याच.

मग झाकणाखालून... खोकला.

मामाला तो ऐकू आला नाही.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी एक तरुण जोडपं आलं. मामीनं त्यांच्यासमोर पाणी तपासलं. पट्टी जांभळी. तिला जरा हायसं वाटलं. दोघं अंगावर टॉवेल घेऊन मागे गेली आणि कोरडीच परत आली.

"काय झालं? बसला नाहीत?"

"ते आजोबा उठू देत आधी. आम्हाला घाई नाही."

"कोण आजोबा?"

"टबात बसलेत ते. फार गोड आहेत," मुलगी म्हणाली. "मी विचारलं, पाणी कसंय? तर म्हणाले... आजच बदललंय, मालकीणबाईंनी स्वतः सांगितलंय."

मामी मागे धावली.

टबात कुणीच नव्हतं. काठाशी आलेलं पाणी मात्र हळूहळू खाली जात होतं, आत्ताच कुणी उठल्यासारखं.

'मी खोटं बोलले,' एवढंच तिला म्हणायचं होतं. पण मागे पाहुणे उभे होते. त्यांच्यासमोर तिच्यानं तेवढंही बोलवलं नाही.

आता टब कोरडा आहे. वीजही तोडली आहे. वेंडलच्या मुलीला सगळं सांगायचं म्हणून मामी रोज फोन हातात घेते आणि खाली ठेवते.

मग मागे जाऊन झाकणाला हात लावते.

ते आतून कोमट असतं.