सावलीतला कळस

"अहो, तिथून बाजूला व्हा! काहून उभं राहिलाय तिथं?"

सुंदरानं ओट्यावरून खडसावलं तसा अंगणातला परका तरणा गडी दचकला. खांद्यावर दोराचं वेटोळं, काखेत फडक्यात गुंडाळलेला पितळी कळस... आणि डोळ्यांत हसू.

"पाणी मागायला आलतो. उभं राहायची बी मनाई हाय का?"

"पायाखाली बघा."

त्यानं बघितलं, अन् हसू विझलं. मावळतीच्या उन्हात समोरच्या देवळाची सावली अंगणभर लांबली होती. देवळाचं शिखर बोडकं होतं. सावलीला मात्र कळस होता — आणि कळसाला बिलगून एक माणूस.

आता कळस म्हणजे आमच्याकडं काय काय असतं! लांबून दिसला तरी हात जोडतात, तो देवळाचा कळस. सुंदरानं भाकरी करपवली की चंद्रभागाआत्या कपाळाला हात लावते, "कळस केलास गं बाई!" तोही कळसच. पण ह्या सावलीतल्या कळसाचं नाव कुणी काढत नसे. मागं निजामाच्या अंमलदाराची इजाजत काढून गावानं कळस चढवायला घेतला होता. दिवस मावळताना दोर निसटला आणि कासार कळसासकट खाली आला. तेव्हापासून रोज ही सावली सुंदराच्या उंबऱ्याला टेकायची, अन् त्यातल्या माणसाचा हात सुटायचा. असल्या घरची पोर कोण करून घेणार? आलेलं स्थळ दिवस मावळायच्या आत उठून जायचं.

"तो माझा बाप," पाहुणा सावलीकडं बघत हळूच म्हणाला. "मी बंकट, शिरूरचा. राहिलेलं काम पुरं करायचंय. उद्या ऊन कललं की चढणार."

सुंदरानं सावलीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. सावलीतल्या माणसाचे खांदे तिला पाठ होते. तेच खांदे समोर उभे होते.

"नका चढू."

"काहून? काळजी वाटती माझी?"

"वाटती! ओळख ना पाळख, तरी वाटती..." ती लाजली, पण मागं सरली नाही. "चढायचंच तर भर दुपारी चढा. तवा सावली देवळाच्या पायाशीच असती. इथवर येत न्हाई."

"लई तापंल की वर."

"तापू द्या. जीव तर राहील!"

"आन् नीट उतरलो तर?"

"तर... पाणी प्यायला या."

"निस्तं पाणी?"

सुंदरा आत पळाली.

दुसऱ्या दिवशी सारं गाव देवळापाशी लोटलं. ही मात्र घरात देवापुढं बसून राहिली. दुपारी एकदम मोठा गलका उठला. आनंदाचा की भीतीचा, तिला कळेना. बाहेर जाऊन विचारायचं धाडस होईना.

ऊन कललं. सावली सरकत सरकत अंगणात आली. कळस होता, अगदी रेखीव. शेजारी माणूस नव्हता. बाप सुटला म्हणावं... की जाताना लेकाला घेऊन गेला?

"पाणी मिळंल का?"

दारात बंकट उभा, खांबाच्या सावलीत. सुंदरानं तांब्या उचलला, पण पुढं केला नाही.

"आधी तुमची सावली दाखवा."

तो उन्हात सरकला. त्याची सावली उंबरा ओलांडून तिच्या पायांवर पडली. सुंदराला रडूच फुटलं.

"कुठं होता इतका वेळ?"

"नदीवर. बापाला पाणी दिलं." त्यानं तांब्या घेतला. "आता माझी तहान राहिली."

तो पाणी प्यायला, आणि तिथंच ओट्यावर टेकला. देवळामागं दिवस बुडाला. आतून आत्यानं विचारलं, "कोण हाय गं?"

सुंदरानं पदरानं डोळे पुसले.

"स्थळ आलंय, आत्या. दिवस मावळला तरी उठत न्हाई."